बरसातीतला भैया

मला सायकल चालवायला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं, आणि ही गोष्ट आम्ही दोघांनी मिळून माझ्या नवऱ्यापासून लपवून ठेवली. का लपवली, असं आज कोणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. हे काही रागीट नव्हते. रागावले असते असंही वाटत नाही. पण लपवली खरी, आणि त्यातून जे झालं त्याचा अर्थ मी अजून लावतेच आहे.

लढाईची वर्षं होती. जबलपुरात दीक्षितपुऱ्यातल्या एका गल्लीत आमचं घर होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मामंजी सडक खात्यात ओव्हरसियर होते. नोकरीभर त्यांनी सायकलीवरून सगळा जिल्हा पालथा घातला होता, पार कुंडमच्या जंगलापर्यंत. आता निवृत्त होऊन घरी बसले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत चालला होता. हे तोफांच्या कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होते. सकाळी सहाला घराबाहेर पडायचे ते संध्याकाळीच यायचे, आणि आले की दोन-तीन शब्दांत दिवस संपवायचे. "आलो." "जेवण झालं?" "अच्छा." मी अमरावतीकडची, मॅट्रिक होऊन ट्रेनिंग केलेली. सतपुला नावाच्या पुलाच्या पलीकडं, कामगारांच्या वसाहतीजवळ मुलींची एक शाळा होती, तिथं शिकवत होते.

आदल्या वर्षी आम्हाला मुलगी झाली होती. अकरा दिवसांची होऊन गेली. बारशाचा पाळणा माळ्यावर गेला आणि त्यानंतर घरात तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मामंजी बोलत नसत ते मला दुःख होईल म्हणून. मी बोलत नसे, कारण कोणाशी बोलायचं? आणि हे बोलत नसत, कारण ह्यांना फारसं काही वाटलंच नसावं, अशी माझी त्या वेळी पक्की समजूत झाली होती. बाराव्या दिवशी हे कामावर गेले होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शाळेला सुटी होती. मी दिवसभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून असायची. एका सकाळी, हे गेल्यावर, मामंजींनी कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवलेली आपली जुनी सायकल बाहेर काढली आणि म्हणाले, "चल सूनबाई."

"कुठं?"

"राणीतालाकडं. गाडी गंजून राहिली. मला तर दिसत नाही. तू चालव."

मी म्हटलं, "मामंजी, मला कुठं येते?"

"येईल. काहून नाही येणार?"

राणीताल तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत त्या वेळी सकाळी म्हशींशिवाय कोणी नसे. नऊवारीचा काष्टा घट्ट खोवून मी त्या दांड्याच्या मोठ्या सायकलीवर चढले आणि मामंजी मागून कॅरिअर धरून पळू लागले. त्यांना माझ्यापुढचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे "डावीकडं म्हैस आहे का? मग उजवीकडं घे!" अशी त्यांची शिकवणी चाले. आठवडाभर मी रोज पडले. दहाव्या दिवशी मागं वळून पाहिलं तर मामंजी लांब उभे होते आणि मी एकटीच चालले होते. पाहिलं म्हणून लगेच पडले, पण येत होतं. चेन उतरली तर कशी चढवायची, ब्रेकचं रबर कसं बसवायचं, हेही त्यांनी शिकवलं. एवढं करून ही विद्या कशासाठी, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ह्यांना सांगू, असं मी एकदा म्हटलं. मामंजी म्हणाले, "सांगू. घाई काय आहे?" बस, तेवढ्यावर राहिलं.

उपयोग पुढं पावसाळ्यात झाला. आम्हा शिक्षिकांना न्यायला शाळेकडून टांगा येत असे. पण श्रावणात झड लागली की सतपुलाच्या अलीकडच्या खोलगट रस्त्यावर पाणी साचे, टांग्याचा म्हातारा घोडा त्यात पाय घालेना, आणि टांगा येत नसे. अशा दिवशी रजा पडायची. मामंजींना ते पटेना. त्यांनी आपली बरसाती काढली. डोक्यावरून टोपडं आणि खाली घोट्यापर्यंत येणारं काळं मेणकापड. कारखान्यातले हजारो लोक पावसात तसलीच बरसाती घालत. पायात गमबूट. बांगड्या मनगटावरून वर सारून त्यांवर मी रुमाल बांधून टाकला. मामंजी सायकल हातात धरून, जणू आपणच कुठं निघालेत अशा थाटात, सराफ्याच्या पलीकडल्या कोपऱ्यापर्यंत आले. तिथं मी बसले आणि निघाले. गल्लीतल्या बायकांच्या हे लक्षात आलं होतं की नव्हतं, देव जाणे. मला कोणी कधी काही म्हटलं नाही.

त्या पहिल्या दिवशी घमापूरच्या पुढं गेले आणि मला काय झालं ते सांगणं अवघड आहे. पाऊस टोपड्यावर इतका जोरात वाजत होता की बाकी जगाचा आवाजच बंद झाला होता. तोंडावर पाणी, ओठांवर पाणी. पुढच्या चाकानं रस्त्यावरचं पाणी दोन्हीकडं फाकायचं आणि मागचं चाक ते पुन्हा मिटवायचं. एक बैलगाडीवाला ओरडला, "ओ भैया, बाजू से!" आणि मला कळायला थोडा वेळ लागला की भैया म्हणजे मी. मग मला हसू फुटलं. सतपुलाच्या उतारावर मी पायडलवरचे पाय उचलले. सायकल आपली आपण खाली धावत सुटली, मागचं मडगार्ड खडखडखड वाजत होतं, आणि माझ्या घशातून एक आवाज निघाला. ओरडणं होतं की हसणं, ते मलाही कळलं नाही.

शाळेत पोचले तेव्हा मला एकदम अपराधी वाटलं. वर्षभरात मला काहीच गोड लागलं नव्हतं, आणि लागायला नको असंच मी धरून चालले होते. मग हे काय? एवढा आनंद कुठून आला, आणि मला तो चालतो कसा? तास घेताना माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. संध्याकाळपर्यंत पाऊस थांबू नये असं वाटत होतं, आणि असं वाटतं म्हणून स्वतःचीच चीड येत होती.

घरी आले की मामंजी दारातच विचारत, "पुलाखाली पाणी किती होतं? गढूळ की काळं? घमापूरच्या वळणावर चिखल झाला का?" मी सगळं सांगायची. ते डोळे मिटून ऐकत, आणि मध्येच त्यांचा पाय जमिनीवर हलत असे.

शाळा चारला सुटे, कारखाना पाचला. त्यामुळे ह्यांची आणि माझी रस्त्यात गाठ पडायचा प्रश्न नव्हता. मी टांग्यानं जाते-येते असंच ह्यांना वाटत होतं. शनिवारी मात्र दोघांनाही अर्धा दिवस. तरी मी बाराला निघायची आणि भोंगा एकला वाजायचा. एका शनिवारी पावसानं अशी काही झड धरली की समोरचं झाड दिसेना. जरा उतार पडू दे म्हणून मी शाळेच्या व्हरांड्यात थांबले. उतार पडला नाहीच. अखेर निघाले, आणि रस्त्याला लागते न लागते तोच भोंगा झाला.

कारखाना सुटताना ज्यांनी पाहिलाय त्यांनाच कळेल. फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडतो आणि सगळा रस्ता भरून जातो. सगळ्यांच्या अंगावर काळ्या बरसात्या, टोपडी, खाली घातलेली डोकी. कोण हिंदू, कोण मुसलमान, कोण साहेब, कोण मजूर, काही कळत नव्हतं. मी त्या लोंढ्यात सापडले. आधी घाबरले, मग आवडलं. इतक्या लोकांत मी होते आणि कोणालाच मी माहीत नव्हते.

सतपुलाच्या उताराला लागायच्या थोडं आधी, रस्त्याच्या कडेला एक जण सायकल धरून उभा होता. मी जवळून जाताना त्यानं हात केला. "भैया, ज़रा रुकना. चेन उतर गई है. चश्मा भीग गया, कुछ दिखता नहीं."

हे होते.

मी थांबले. का थांबले? पुढं निघून जाता आलं असतं. पण आवाज कानावर पडताच हातांनी ब्रेक दाबले होते. ह्यांची नजर फार अधू. पावसात चष्म्याचा उपयोग नाही म्हणून तो खिशात टाकलेला, आणि चष्म्याशिवाय ह्यांना हाताच्या अंतरावरचं माणूस ओळखू येत नसे. डोळे बारीक करून हे माझ्या टोपड्याच्या दिशेनं बघत होते. मी मान खाली घातली, वाकले, मागचं चाक उचलायची खूण केली. ह्यांनी चाक उचललं. मी चेन दातेरी चकतीवर बसवली, पायडल फिरवलं. कट्‌ करून बसली. माझे हात ह्यांच्या हातांपासून वीतभर अंतरावर होते.

"बहुत मेहरबानी," हे म्हणाले. "घमापूर तक जाओगे? मैं पीछे-पीछे आता हूँ. मुझे रास्ता नहीं दिखता."

आता माझ्या हिंदीबद्दल सांगायला हवं. मी अमरावतीकडची, माझं हिंदी कच्चं. स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा तर पार बोजवारा. शाळेतल्या मुली माझ्या हिंदीला तोंड दाबून हसत. त्या क्षणी मला पुरुष म्हणून बोलायचं होतं. मी घसा खरवडून म्हटलं, "हाँ, चलो. जाती… जाता हूँ."

पाऊस जोरात होता. ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

मी पुढं, हे मागं. उतार संपल्यावर हे शेजारी आले. आणि बोलू लागले. घरात दिवसाला वीस शब्द बोलणारा माणूस बोलतच सुटला. "आपको अच्छा लगता है ऐसी बारिश में?" मी नुसता हुंकार दिला. "मुझे तो बहुत. घर पे बोलता हूँ ओवरटाइम है. ओवरटाइम-वोवरटाइम कुछ नहीं. बारिश हुई तो सीधा घर नहीं जाता. राणीताल का पूरा चक्कर लगाता हूँ, कभी दो, कभी तीन. फिर घर. किसी को बोला नहीं. बोलूँ तो क्या बोलूँ? इतना बड़ा आदमी पानी में घूमता है?"

मी ऐकत होते आणि मला हसू यावं की रडू, हे ठरत नव्हतं. त्या महिन्यात सात-आठ वेळा तरी ह्यांनी ओव्हरटाइमचं कारण सांगितलं होतं. मी गरम पोळ्या झाकून वाट बघत बसलेली असे. मला राग यायला हवा होता. पण मीही तर ह्यांना फसवूनच तिथं आले होते. आणि आमची दोघांची चोरी एकच निघाली होती, त्याचं काय करायचं?

घमापूरला हे म्हणाले, "चलोगे? एक चक्कर?"

मी मान हलवली. होकाराची. राणीतालभोवती आम्ही एक फेरी मारली. हे मध्येच हँडलवरचे दोन्ही हात सोडत आणि लहान मुलासारखे हसत. लग्नाला पाच वर्षं झाली होती. ह्यांना दोन्ही हात सोडून सायकल चालवता येते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मग मी हात वर करून निरोप घेतला आणि गल्ल्यागल्ल्यांतून जिवाच्या आकांतानं पायडल मारत ह्यांच्या आधी घर गाठलं.

अर्ध्या तासानं हे आले. "आलो." मी चहा ठेवला. "उशीर झाला?" मी विचारलं. हे म्हणाले, "हो. ओव्हरटाइम होता." मग कपबशी घेताना माझ्या हाताकडं बघून म्हणाले, "नखं काळी झाली."

"चुलीची काजळी," मी म्हटलं.

"अच्छा."

त्यानंतरच्या शनिवारी पाऊस होता. मी बाराला निघू शकत होते. निघाले नाही. भोंग्यापर्यंत थांबले. ह्याचं मला त्या वेळीही नवल वाटलं, आजही वाटतं. त्याच उताराआधी हे उभे होते आणि मी जवळ येताच म्हणाले, "आइए भैया! आपकी गाड़ी की आवाज़ से पहचान लिया."

खडखडणारं मडगार्ड! ही मामंजींची सायकल. ह्यांचं सगळं लहानपण त्या खडखडाटाची वाट बघण्यात गेलं असणार. दौऱ्यावरून वडील आले हे गल्लीच्या तोंडाशीच कळत असणार. मग ह्यांना कळलं होतं का? कळलं असेल तर भैया का म्हणतात? आणि कळलं नसेल तर तो आवाज ओळखीचा का वाटावा, असं ह्यांच्या मनात आलं नसेल का? मी ह्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ओला, चष्म्याविना उघडा पडलेला, खूश चेहरा. त्यावरून काही समजेना.

आम्ही घमापूरपर्यंत आलो, राणीतालला फेरी मारली. हे बोलत होते, मी हुंकार देत होते. एकाच बोल्टचं चित्र वेगवेगळ्या बाजूंनी काढून काढून स्वप्नातही बोल्ट येतो, असं सांगत होते. माझ्याबद्दलही बोलले. "घरवाली पढ़ी-लिखी है. मास्टरनी है. उसके सामने मेरी ज़बान नहीं खुलती. लगता है, जो बोलूँगा गलत बोलूँगा."

मला त्या भैयाचा, म्हणजे माझाच, हेवा वाटला. जे मला मिळायला हवं ते ह्या परक्याला फुकट मिळत होतं. घरी आल्यावर मी ह्यांच्याशी मुद्दाम बोलायला गेले. आज काय काम होतं, साहेब काय म्हणाला. हे गोंधळले. "काही विशेष नाही," म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

तिसऱ्यांदा गाठ पडली ती भाद्रपदात. पाऊस त्या दिवशी मुसळधार नव्हता, पण सारखा होता. हे राणीतालच्या अर्ध्या फेरीवर, पुढं बघतच म्हणाले, "हमारी एक लड़की हुई थी. ग्यारह दिन रही."

मी पायडल मारणं थांबवलं असावं. सायकल हेलकावली. सावरली.

"बारहवें दिन मैं ड्यूटी पे गया. सब ने सोचा होगा, कैसा आदमी है. घर में बैठता तो रोता. बाबूजी के सामने, उसके सामने कैसे रोऊँ? ड्यूटी पे भी नहीं बैठा गया. निकल आया. उस दिन भी ऐसा ही पानी था. शाम तक घूमता रहा. पानी में कोई पूछता नहीं, कि आँख में क्या है." थोड्या वेळानं म्हणाले, "उसके कान बहुत छोटे थे."

मला तिचे कान आठवत नव्हते. मी तिची आई, मला तिची मूठ आठवत होती, तिचा घामट वास आठवत होता, कान नाही. ह्यांना आठवत होते. मी रडत होते, आणि खरंच कोणी विचारणार नव्हतं. पण सगळं खरं सांगायचं तर हेही सांगायला हवं की त्या वेळीसुद्धा, चाकाखालून पाणी जात असताना, वारा अंगावर घेत ह्यांच्या शेजारून चालले असताना, मला बरं वाटत होतं. दुःख आणि हे बरं वाटणं एकाच वेळी होतं, आणि मला त्यांतलं एक दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नव्हतं. बोलावं, टोपडं मागं सारावं, असं मनात आलं. पण मग हे गप्प झाले असते. मी नुसता हात पुढं केला आणि क्षणभर ह्यांच्या हँडलवर, ह्यांच्या हाताशेजारी ठेवला.

त्या संध्याकाळी मी मामंजींना विचारलं, "तुम्ही ह्यांना सांगितलं का?"

"काय?"

"सायकलीचं."

मामंजी म्हणाले, "मी काहून सांगू? आणि तो माझ्याशी तरी कुठं बोलून राहिला?" पण बोलताना ते हसत होते, आणि त्यांचं ते हसणं होकाराचं की नकाराचं, ते मला लागलं नाही.

पुढं मला ही लपवाछपवी झेपेना. चोरून ऐकल्यासारखं वाटत होतं. नवरात्राच्या आधी, एका कोरड्या स्वच्छ शनिवारी सकाळी ह्यांचा डबा भरून झाल्यावर मी सरळ कोपऱ्यातली सायकल काढली, अंगणात आणली, काष्टा खोवला. हे जोडे घालत होते. मी म्हटलं, "मी आज सायकलीवरून शाळेत जाणार आहे. टांगा नको."

ह्यांनी वर पाहिलं. चष्मा डोळ्यांवर होता. मला बघितलं, सायकल बघितली, मामंजी खाटेवर बसले होते त्यांच्याकडं बघितलं. मग उठून आले, वाकले, मागचं चाक अंगठ्यानं दाबलं.

"ह्यात हवा कमी आहे," म्हणाले आणि पंप आणायला आत गेले.

बस, एवढंच. कधी शिकलीस, कोणी शिकवलं, लोक काय म्हणतील, काही नाही. ह्यांना आश्चर्य वाटलं नाही की ह्यांनी ते दाखवलं नाही? हवा भरून झाल्यावर हे म्हणाले, "उतारावर पुढचा ब्रेक दाबत जाऊ नको," आणि निघून गेले. मी तिथंच उभी राहिले. मामंजी म्हणाले, "काहून थांबून राहिली? शाळा नाही का?"

त्यानंतर परतीच्या पावसात आम्ही दोघं उघडपणे सोबत येऊ लागलो. शनिवारी हे मला शाळेच्या फाटकाशी भेटत. मला वाटलं होतं, आता हे माझ्याशी तसेच बोलतील. पण नाही. शेजारी मी आहे हे उघड झाल्यावर हे पुन्हा गप्प झाले. "चिखल आहे." "हळू." "अच्छा." एकदा राणीतालला फेरी मारू का विचारलं तर म्हणाले, "तुला उशीर होईल." मी सत्य सांगून काय मिळवलं होतं? उलट एक माणूस घालवून बसले होते. पुढचे कितीतरी दिवस मी मनातल्या मनात स्वतःला दोष देत होते, आणि पावसाची वाट बघणंही सोडलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात, एका रविवारी सकाळी, हे आपण होऊन म्हणाले, "कुंडमच्या रस्त्यानं जाऊन यायचं का? जेवढं होईल तेवढं."

निघालो. आकाश भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. वस्ती संपली, शेतं संपली, झाडी दाट होऊ लागली. मग पाऊस आला. सागाच्या पानांवर तो इतक्या मोठ्यानं वाजत होता की ओरडल्याशिवाय ऐकू जाईना. ह्यांनी चष्मा काढून खिशात टाकला. थोडं अंतर गेल्यावर हे ओरडले, "तुला हे आवडतं?"

"हो!"

"काहून?"

मी विचार केला. पायडल मारता मारता खरोखर विचार केला. आणि ओरडले, "माहीत नाही!"

"मला पण नाही!" हे म्हणाले, आणि दोघंही हसत सुटलो, इतके की उतरावं लागलं.

पुढं एका नाल्याला पूर आला होता. रस्त्याच्या फरशी पुलावरून कमरेइतकं लाल पाणी धो धो वाहत होतं. अलीकडं दोन बैलगाड्या थांबल्या होत्या, आणि गाडीवाले पोती अंगावर घेऊन बिड्या ओढत बसले होते. आम्ही सायकली एका झाडाला टेकवून उभे राहिलो. पाणी बघत होतो. बराच वेळ. मग मी पाण्याकडंच बघत म्हटलं, मराठीत, आपल्या आवाजात, "तिच्या मुठीत माझं बोट पूर्ण मावत नव्हतं."

हे हलले नाहीत. मला वाटलं, ऐकलं नाही. मग म्हणाले, "माझं मावायचं. करंगळी."

त्या दिवसानंतर घरात तिच्याबद्दल बोलणं सुरू झालं. फार नाही, अधूनमधून, जेवताना एखादं वाक्य, कधी सगळा महिनाभर काहीच नाही. भैयाशी बोलत होते तेव्हा ह्यांना ठाऊक होतं का, हे मी कधी विचारलं नाही, आणि ह्यांनी कधी सांगितलं नाही. कधी वाटतं, पहिल्या दिवशी माझी 'जाती' ऐकली तेव्हापासून माहीत होतं. कधी वाटतं, पंप आणायला आत गेले तेव्हा कळलं असेल. आणि एखाद्या वेळी असंही वाटतं की कधीच कळलं नाही, तो भैया कोणी वेगळाच होता आणि एक दिवस यायचा बंद झाला, असंच हे धरून बसले असतील.

दुपार कलली तसं पाणी उतरलं, गुडघ्याच्या थोडं वर राहिलं. गाडीवाले बैल जुंपू लागले. त्यातला म्हातारा आमच्याकडं बघून म्हणाला, "साइकिल गाड़ी पे डाल दो. किधर जाना है आप लोगों को?"

हे म्हणाले, "कुंडम."

त्याच वेळी मी म्हटलं, "कहीं नहीं, बस यहीं तक."

म्हातारा एकदा ह्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं मान हलवली, दोन्ही सायकली उचलून पोत्यांवर टाकल्या, आणि आम्हाला वर चढायला सांगितलं.